ठाण्याचा उंबरठा आणि कोर्टाची पायरी

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे कधी शाळेत न गेलेल्या माणसालाही पाठ असते. ठाण्याच्या उंबरठ्याची भीती तर त्याहून मोठी. भांडण बांधाचे असो की वाटणीचे, गावातल्या चार जाणत्यांनी बसून मिटवावे, जमादाराला गावात येऊ देऊ नये, असेच जुनी माणसे सांगत आली. बांधाच्या भांडणात हा सल्ला पुष्कळदा खरा ठरतो. पण भांडण घरातले असले, मारणारा नवरा आणि मार खाणारी बायको असली, म्हणजे याच सल्ल्यापायी एखाद्या लेकीचा जीव जातो. आणि तेच भांडण ठाण्यात गेले, की कधीकधी ज्यांचा काडीचा दोष नाही अशी म्हातारी माणसेही कोठडीत जाऊन बसतात.

हदगावच्या कोर्टाच्या आवारात तारखेच्या दिवशी घटकाभर बसले, तरी या दोन्ही गोष्टी ध्यानात येतात. तामशाकडची, मनाठ्याकडची, निवघ्याकडची माणसे भाकरी बांधून आलेली असतात. एका अंगाला माहेरची माणसे, मध्ये कडेवर लेकरू घेतलेली लेक. दुसऱ्या अंगाला सासरची माणसे, त्यांत पदराने डोळे पुसणारी सासू. हळद उकडायची सोडून, कापूस वेचायचा सोडून दोन घरे दिवसभर एकमेकांकडे पाठ करून बसतात. पण विचार केला तर आपल्यातले प्रत्येक घर या दोन्ही अंगांना असते. ज्या घरात सून आणली, त्याच घरातून लेक दिलेली असते.

म्हणून हा प्रश्न सर्वांचाच आहे. नवराबायकोच्या भांडणात पोलिसांनी कोणाला पकडावे, केव्हा पकडावे, कसे पकडावे? आणि पोलिसच चुकले, तर त्यांना विचारणारे कोण? याचे उत्तर आज कायद्यात लिहिलेले आहे. पण ते आपोआप लिहिले गेले नाही. कोणीतरी कोर्टाची पायरी चढले, पोलिसांना आणि सरकारला जाब विचारला, तेव्हा ते लिहिले गेले. आणि त्यातली एक मोठी पायरी आपल्याच महाराष्ट्रातल्या एका बाईने चढली.

मुंबईच्या तुरुंगातून निघालेले पत्र

शीला बारसे या पत्रकार. १९८२ च्या मे महिन्यात परवानगी घेऊन त्या मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात गेल्या आणि तिथल्या पंधरा स्त्री कैद्यांशी बोलल्या. त्यांतल्या पाच जणींनी सांगितले की, पोलीस कोठडीत असताना आम्हाला मारहाण झाली. बारसेबाईंनी हे सारे लिहून एक पत्र थेट सर्वोच्च न्यायालयाला पाठवले. वकील नाही, स्टँपपेपर नाही, साधे पत्र. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले आणि महाराष्ट्र सरकारला नोटीस काढली.

ठरलेल्या तारखेला सरकारकडून लेखी उत्तर आले नाही. तेव्हा न्यायालयाने मुंबईच्या निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात जाऊन बायांशी बोलायला आणि अहवाल द्यायला सांगितले. त्या अहवालातून आणखी एक गोष्ट उजेडात आली. कोठडीतल्या गरीब बायांना वकीलच मिळत नव्हता, आणि मिळाला तरी फसवणुकीची भीती होती. आपल्याला का पकडले, जामीन मिळतो की नाही, घरी कोणाला कळवले का, यातले काहीच त्यांना ठाऊक नसे.

१५ फेब्रुवारी १९८३ रोजी न्यायमूर्ती पी. एन. भगवती आणि त्यांच्या सहकारी न्यायमूर्तींनी निकाल दिला. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या असाव्यात आणि त्यांवर स्त्री शिपायांचा पहारा असावा. स्त्रीची चौकशी स्त्री पोलिसांच्या समक्षच व्हावी. पकडलेल्या माणसाला का पकडले ते तत्काळ सांगावे. त्याचे हक्क मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावावेत. त्याने सांगितलेल्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवावे. जवळच्या कायदा मदत समितीला कळवावे, म्हणजे सरकारी खर्चाने वकील मिळेल. सेशन्स जज्जाने न सांगता ठाण्यांवर जाऊन पाहणी करावी. आणि माणूस मॅजिस्ट्रेटसमोर उभा केला, की ‘तुला मारले का?’ असे मॅजिस्ट्रेटने स्वतः विचारावे आणि डॉक्टरी तपासणीचा हक्क सांगावा.

पोलिसांनी माणूस पकडला म्हणजे त्याची माणुसकी जप्त होत नाही, एवढाच या निकालाचा साधा अर्थ.

तेच १९८३ साल

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसरा एक निकाल आला. बिहारमधला एक माणूस १९६८ साली खटल्यातून निर्दोष सुटला होता, पण त्याला तुरुंगातून सोडलेच नाही. चौदा वर्षे तो आत राहिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड हे आपले मराठी गृहस्थ. त्यांनी नुसते ‘सोडा’ म्हणून भागवले नाही. सरकारने त्या माणसाला आधी दिलेल्या ५,००० रुपयांखेरीज आणखी ३०,००० रुपये भरपाई द्यावी, असा हुकूम केला. सरकारी माणसाने एखाद्याचे स्वातंत्र्य विनाकारण हिरावले, तर सरकारने त्याचे पैसे मोजावेत, ही वाट इथून मोकळी झाली.

आणि डिसेंबर १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आले. नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी सुनेचा छळ केला, तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड. पोलिसांना वॉरंटाशिवाय पकडता येईल असा हा गुन्हा. हुंड्यासाठी जळणाऱ्या मुलींच्या बातम्या त्या काळी रोज येत होत्या. त्यांच्यासाठी हे कलम फार उशिरा आले, पण आले.

पोलीस पाहत उभे राहिले

पोलिसांनी मधे पडलेच नाही, तर काय होते, याचे उदाहरण त्याच १९८३ सालचे, पण सातासमुद्रापलीकडचे आहे. अमेरिकेत टॉरिंग्टन नावाचे गाव आहे. तिथे ट्रेसी थर्मन ही तरुण बाई नवऱ्यापासून वेगळी राहत होती. नवरा धमक्या देई, ती पोलिसांत तक्रार करी, पोलीस ‘घरचे भांडण’ म्हणून सोडून देत. १० जून १९८३ रोजी नवरा दारात आला. तिने फोन केला. पोलीस यायला पंचवीसेक मिनिटे लागली, आणि तोवर नवऱ्याने तिला सुऱ्याने तेरा वार करून अंगणात पाडले होते. पोलिसासमोरच त्याने तिच्या डोक्यावर लाथ मारली. आणखी पोलीस आले, तरी त्याला लगेच पकडले नाही. तिला उचलून नेत असताना तो पुन्हा तिच्या अंगावर गेला, तेव्हा कुठे बेड्या पडल्या.

ती वाचली, पण शरीराने कायमची अधू झाली. मग तिने गावच्या पोलिसांवर दावा लावला. म्हणणे असे, की परक्याने मारले असते तर तुम्ही धावला असता. नवऱ्याने मारले म्हणून धावला नाहीत, म्हणजे कायद्याचे संरक्षण मला इतरांसारखे मिळाले नाही. १९८४ मध्ये न्यायालयाने हा दावा चालवण्याजोगा ठरवला. १९८५ मध्ये पंचांनी तिला २३ लाख डॉलर देण्याचा निर्णय दिला. पुढे तडजोडीने ही रक्कम १९ लाखांवर आली. १९८६ मध्ये त्या राज्याने कायदाच केला, की घरातल्या मारहाणीत पुरावा दिसला तर पोलिसांनी पकडलेच पाहिजे.

‘नवराबायकोचे आहे, आपसात मिटवा’ हे शब्द आपल्याकडेही कोणाला नवे नाहीत.

सुनेचा कायदा, सासूची कोठडी

आता नाण्याची दुसरी बाजू. ४९८-अ खाली तक्रार आली, की नवरा, सासू, सासरा, दीर, नणंद, कधी दूरगावी दिलेली नणंदही, अशी सगळी नावे लिहायची आणि सगळ्यांना उचलून आणायचे, अशी रीत अनेक ठिकाणी पडली. देशभरातली आकडेवारी असे सांगते, की एकट्या २०१२ साली या कलमाखाली १,९७,७६२ माणसे पकडली गेली. त्यांत ४७,९५१ बाया होत्या, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. बाईला वाचवायला केलेल्या कायद्याने एका वर्षात जवळजवळ अठ्ठेचाळीस हजार बायांना ठाण्याचा रस्ता दाखवला. त्यांतल्या काही खरोखर छळ करणाऱ्या असतील. पण सगळ्याच?

हे आकडे सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१४ च्या निकालात दिले आहेत. बिहारमधले हे प्रकरण. सासरच्यांनी आठ लाख रुपये, मारुती गाडी, एअरकंडिशनर आणि टीव्ही मागितला, अशी बायकोची तक्रार होती. नवऱ्याला अटकेची धास्ती, म्हणून तो अटकपूर्व जामिनासाठी वरपर्यंत गेला. ‘अर्णेश कुमार विरुद्ध बिहार राज्य’ या नावाने हा निकाल आज देशातल्या ठाण्याठाण्यांत ठाऊक आहे.

न्यायालयाने सांगितले, पकडण्याचा अधिकार असणे वेगळे आणि पकडण्याची गरज असणे वेगळे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी आधी स्वतःला विचारावे, या माणसाला पकडायचे कशासाठी? तो पुन्हा गुन्हा करील, पुरावा नाहीसा करील, साक्षीदाराला धमकावील, तारखेला येणार नाही, असे काही आहे काय? असेल तर कारण कागदावर लिहावे आणि तो कागद मॅजिस्ट्रेटपुढे ठेवावा. नसेल तर पकडू नये, हजर राहण्याची नोटीस द्यावी. मॅजिस्ट्रेटनेही डोळे झाकून सही करू नये. हे न पाळणाऱ्या पोलिसावर खात्याची कारवाई होईल आणि उच्च न्यायालयाच्या अवमानाचीही. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहिता जाऊन नव्या आल्या. ४९८-अ चा मजकूर आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे, आणि नोटिशीचा नियम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये. पण सार तेच आहे.

त्याच निकालात असेही म्हटले आहे, की या कलमाखालच्या खटल्यांत शिक्षा होण्याचे प्रमाण अवघे १५ टक्के आहे. यावरून ‘उरलेल्या सगळ्या तक्रारी खोट्या’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते बरोबर नाही. खटला वर्षानुवर्षे चालतो, मधल्या काळात समेट होतो, लेकीला परत नांदायला पाठवतात, शेजारी साक्षीला येत नाहीत, भाऊ तारखांना कंटाळतो. घराच्या चार भिंतींआड झालेल्या माराला साक्षीदार तरी कोण असणार? शिक्षा झाली नाही म्हणजे मार झाला नाही, असे होत नाही.

शिवाय हा निकाल कोणाला मारायची मुभा देत नाही. हाड मोडले, जाळण्याचा, जीव घेण्याचा प्रयत्न झाला, तर वेगळी आणि कडक कलमे लागतात. 

रात्री दार वाजले तर

१९९३ च्या जून महिन्यात नागपुरात एका माणसाला लुटीच्या संशयावरून पोलिसांनी पकडले आणि मारहाणीत तो दगावला. त्याच्या बायकोच्या अब्रूवर हात टाकल्याचीही तक्रार झाली. एका ख्रिस्ती समाजसंस्थेने हे प्रकरण नागपूर खंडपीठात नेले. उच्च न्यायालयाने हुकूम केला, की स्त्री शिपाई बरोबर नसताना आणि सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत कोणत्याही बाईला पकडू नये. सरकार वर गेले. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडचणीच्या वेळेपुरती त्यात थोडी सवलत दिली. पण २००६ पासून हा नियम कायद्यातच आला. सूर्य मावळल्यावर बाईला पकडायचे, तर तसेच असाधारण कारण हवे, स्त्री पोलीस अधिकाऱ्याने ते लिहून द्यावे आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यावी. त्या नागपूरच्या पोलिसांचा खटला २०१८ पर्यंत चालला. सर्वोच्च न्यायालयाने त्यांची तीन वर्षांची शिक्षा सात वर्षांवर नेली.

नियम मोडला तर काय, याचा दाखला पुण्याच्या मायलेकींचा आहे. मुलगी डॉक्टर, आई सत्तरी ओलांडलेली वकील. पैशाच्या व्यवहाराच्या एका तक्रारीवरून २०१२ च्या नोव्हेंबरात मध्य प्रदेशचे पोलीस आले आणि दोघींना पुण्यातून रेल्वेने भोपाळला घेऊन गेले. हजर राहण्याची नोटीस नाही, अटकेचे नियम पाळलेले नाहीत. त्या दोघी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. जून २०१६ मध्ये न्यायालयाने ही अटक बेकायदा ठरवली आणि सरकारने दोघींना प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत, असा निकाल दिला. हे प्रकरण घरातल्या भांडणाचे नव्हते. पण नियम तोच, आणि हदगावच्या सासूलाही तो तितकाच लागू आहे.

आपल्या घरावर वेळ आली तर

आधी लेकीचे बोलू. मार बसत असेल तर ११२ वर फोन करावा. १८१ ही स्त्रियांसाठीची मदतवाहिनी आहे. ठाण्यात तक्रार लिहून घेतलीच पाहिजे, आणि तिची नक्कल फुकट मिळते. हद्द दुसऱ्या ठाण्याची आहे, या सबबीवर परत पाठवता येत नाही. घेतली नाही, तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी पाठवावी आणि पोच जपून ठेवावी. तिथेही दाद लागली नाही, तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. जखम असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्यावा. हळदीचा लेप लावून घरी बसलेल्या बाईच्या जखमेला पुढे कोर्टात पुरावा राहत नाही.

कोणालाही तुरुंगात घालायचे नाही, फक्त मार थांबावा आणि डोक्यावर छप्पर राहावे, असे वाटणाऱ्या बाईसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. यात संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. मारू नये, घराबाहेर काढू नये, खर्चाला पैसे द्यावेत, असे हुकूम मिळतात. अटकेची पाळी येते ती संरक्षणाचा हुकूम मोडल्यावर. समजावून सांगणाऱ्यांची मदतही मिळते. पोलिसांच्या आवारातच बायांचे ऐकून घेणारा पहिला विशेष कक्ष टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईत सुरू केला. तशी केंद्रे पुढे राज्यात जिल्ह्याजिल्ह्यांत निघाली.

आता सासरचे बोलू. नोटीस आली तर घाबरून पळून जाऊ नये. पळणे हेच पकडण्याचे कारण होते. दिलेल्या दिवशी जावे, जाताना जाणता माणूस बरोबर न्यावा, नोटिशीची प्रत जपून ठेवावी. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला सहसा पकडत नाहीत, आणि पकडलेच तर कारण लिहावे लागते. पकडले, तर अटक पंचनाम्यावर घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही असावी लागते, घरी कळवावे लागते, वैद्यकीय तपासणी करावी लागते, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. मॅजिस्ट्रेट विचारतील तेव्हा खरे ते सांगावे. तिथे गप्प बसणे म्हणजे आपल्या हाताने आपली फिर्याद पुसणे.

वकिलाच्या पैशाची अडचण बहुतेकांना असते. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, नांदेडला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिची मिळकत न विचारता फुकट वकील मिळतो. कोठडीत असलेल्या माणसालाही मिळतो, मग तो पुरुष का असेना. १५१०० या क्रमांकावर विचारता येते. पोलिसांविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागायची, तर आता मुंबई गाठावी लागत नाही. १९८१ पासून मराठवाड्यासाठी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, खंडपीठ आहे. नांदेड जिल्ह्याचे अर्ज तिथेच चालतात.

शेवटी

एवढे सगळे वाचून कोणी म्हणेल, मग जुनी म्हण खोटी का? खोटी नाही. अहंकारापायी, वितभर बांधापायी, भाऊबंदकीपायी पायरी चढू नये, हे खरेच आहे. त्यात दोन पिढ्यांची जमीन जाते. पण शीला बारसेंनी पत्र लिहिले नसते, नागपूरच्या त्या लोकांनी अर्ज केला नसता, पुण्याच्या मायलेकी ‘झाले ते झाले’ म्हणून घरी बसल्या असत्या, तर आज आपल्या लेकीची तक्रार लिहून घ्या, असे ठामपणे सांगता आले नसते, आणि आपल्या म्हातारीला रात्री नेऊ नका, असेही सांगता आले नसते.

ज्या कायद्याने सुनेचा मार थांबतो, त्याच कायद्याने सासूची विटंबना थांबते. दोघींनी तो एकमेकींवर उगारण्यापेक्षा जाणून घ्यावा. पुढच्या बाजारी हदगावला गेलात, तर कोर्टात जाऊन विधी सेवा समितीची खोली कुठे आहे, एवढे पाहून या. तारीख नसताना कोर्टाची पायरी चढायला काही हरकत नाही.